वरच्या शेजाऱ्याचें ऋण

शेजार हा मनुष्याला क्वचितच निवडतां येतो, आणि राष्ट्राला तर तो बदलतांहि येत नाहीं. घर आवडलें नाहीं तर बिऱ्हाड हलवितां येतें. देशाचें बिऱ्हाड हलत नाहीं. कौटिल्यासारख्या व्यवहारचतुर शास्त्रकारानें या स्थितीकडे उघड्या डोळ्यांनीं पाहिलें, आणि आपल्या मंडलसिद्धांतांत सीमेला लागून असलेल्या राजाला सरळ ‘अरि’ ही संज्ञा देऊन टाकली. मित्र शोधावयाचा तो त्याच्या पलीकडे. राजनीतीच्या अभ्यासकांना हा विचार फार पटतो, आणि गेल्या पाऊणशें वर्षांतील दक्षिण आशियाचा इतिहास डोळ्यांपुढें ठेवला तर त्यांना दोष देणेंहि कठीण आहे. परंतु या सिद्धांतांत एक उणीव आहे. तें मंडल जणूं सपाट भूमीवर आंखलेलें आहे. त्यांत पुढचा शेजारी आहे, मागचा आहे, पण वरचा आणि खालचा नाहीं. हिमालयाच्या उतारावर वसलेल्या राष्ट्रांचें खरें नातें मात्र वरच्याचें आणि खालच्याचें आहे. वरच्याच्या अंगणांत पडलेलें पाणी खालच्याच्या ओसरीवर येतें, आणि दोघांत सख्य आहे कीं वैर याची चौकशी करीत तें वाटेंत थांबत नाहीं.

या नात्यांतून निघणारा पाणीवाटपाचा तंटा सर्वांच्या परिचयाचा आहे, व त्यावर लिहिणाऱ्यांचीहि वाण नाहीं. प्रस्तुत लेखाचा विषय त्याहून लहान, पण नीतिशास्त्राच्या दृष्टीनें आमच्या मतें अधिक मूलभूत आहे. वर राहणाऱ्याला संकट आधीं दिसतें. डोंगर खचून नदी अडली, किंवा धरणाचे दरवाजे उघडावे लागले, तर ही गोष्ट खालच्याला कळण्याच्या कांहीं तास, कांहीं दिवस, कधीं कधीं कांहीं महिने आधीं वरच्याला कळलेली असते. ती त्यानें खालच्याला सांगणें याला काय म्हणावयाचें? तो उपकार आहे, कीं मोबदला घेऊन विकावयाचा माल आहे, कीं फेडलेंच पाहिजे असें ऋण आहे? आणि ऋण असेल तर दोघांत वैर आलें म्हणजे तें बुडीत खातीं जमा करतां येतें काय?

पाण्याच्या मालकीविषयीं एक मत अगदीं रोखठोक आहे. रिओ ग्रांद नदीचें पाणी अमेरिकेंतील शेतकरी वरच्यावर वळवून घेतात अशी मेक्सिकोची तक्रार आली, तेव्हां १८९५ सालीं अमेरिकेचे महान्यायवादी जडसन हार्मन यांनीं आपल्या सरकारास असा अभिप्राय दिला कीं, आपल्या भूमीवर राष्ट्राची सत्ता निरंकुश आहे, आणि तेथील पाण्याचें काय करावें याबाबत आंतरराष्ट्रीय कायद्याचें त्यास बंधन नाहीं. हा अभिप्राय पुढें हार्मन-सिद्धांत या नांवानें प्रसिद्धि पावला, आणि आजहि वरच्या कांठचीं राष्ट्रें अडचणींत आलीं म्हणजे नांव न घेतां त्याचाच आश्रय करितात. गंमत अशी कीं, खुद्द अमेरिकेला तो फार काळ पेलला नाहीं. १९०६ सालीं तिनें मेक्सिकोशीं करार करून दरसाल ६०,००० एकर-फूट पाणी देण्याचें मान्य केलें. मात्र हें आपण कायद्याच्या बंधनानें नव्हे तर केवळ सौजन्यानें देत आहों, असें त्यांत नमूद करून ठेवण्यास ती विसरली नाहीं.

पण क्षणभर हार्मनसाहेबांचेंच म्हणणें खरें धरूं. पाणी वरच्याचें. तरीहि पाण्याची बातमी त्याची होत नाहीं. पाणी ही वस्तु आहे. एक घागर दिली तर देणाऱ्याच्या घरांत एक घागर कमी होते, आणि म्हणून द्यावें कीं न द्यावें हा विचार करण्याचा त्याला कांहीं तरी अधिकार पोहोंचतो. बातमी दिल्यानें देणाऱ्याजवळची बातमी कमी होत नाहीं. पाणी अडविणारा निदान आपल्या शेतासाठीं कांहीं राखून ठेवीत असतो. बातमी अडविणाऱ्याच्या हातीं त्या अडविण्यानें कांहीं उरत नाहीं, दुसऱ्याचें अज्ञान तेवढें उरतें. आंधळा मनुष्य विहिरीच्या दिशेनें चालला आहे, आणि आपण ओट्यावर बसून तें पाहत आहों. विहीर आपण खणली नाहीं, आंधळ्याला आपण ढकललें नाहीं, त्याचें-आपलें बोलणें कित्येक वर्षें बंद आहे. हें सर्व खरें असूनहि आपल्या मौनाला कोणी निर्दोष म्हणणार नाहीं.

हा दृष्टांत पुस्तकी वाटूं नये म्हणून दोन घडलेल्या गोष्टी सांगतों. तिबेटांत यिगोंग नांवाची नदी आहे. तिचें पाणी पुढें अरुणाचलांत जिला सियांग म्हणतात त्या, म्हणजे ब्रह्मपुत्रेच्याच, प्रवाहाला मिळतें. ९ एप्रिल २००० रोजीं तिच्या खोऱ्यांत एक प्रचंड कडा कोसळला आणि नदी अडून सरोवर सांचूं लागलें. चिनी अभियंत्यांनीं दाब कमी करण्यासाठीं त्या निसर्गनिर्मित बांधांतून चर खोदला. म्हणजे धोका त्यांना दिसत होता, आणि चांगला दोन महिने दिसत होता. १० जूनच्या सुमारास तो बांध फुटला. सियांगच्या खोऱ्यांत पाण्याची जणूं भिंत उतरली. अरुणाचलांत सुमारें तीस माणसें गेलीं, पूल गेले, हजारों लोक उघड्यावर पडले. त्यांना आगाऊ कोणीं कांहीं कळविलें नव्हतें. चारच वर्षांनीं, २००४ च्या पावसाळ्यांत, तिबेटांतल्याच पारीछू नदीवर तसाच कडा कोसळून तसेंच सरोवर झालें. या वेळीं चीननें भारतास कळविलें. सतलजकांठचीं हिमाचल प्रदेशांतील माणसें उंचावर हलविण्यांत आलीं, सरोवरावर आकाशांतून पाळत ठेवण्यांत आली. तें त्या वर्षीं फुटलें नाहीं. २६ जून २००५ रोजीं फुटलें. रस्ते आणि पूल वाहून गेले, नुकसान शेंकडों कोटींचें झालें, परंतु मनुष्यहानि झाली नाहीं. सियांगचा कांठ आणि सतलजचा कांठ यांच्या दैवांत जें अंतर पडलें त्याचें मुख्य कारण एक निरोप हें होय.

यिगोंगच्या अनुभवानंतर २००२ सालीं ब्रह्मपुत्रेविषयीं, व पुढें २००५ सालीं सतलजविषयीं, भारत व चीन यांच्यांत समजुतीचे करारनामे झाले. तिबेटांतील नुगेशा, यांगत्सुन व नुशिया या तीन ठाण्यांवरील पाण्याची पातळी पावसाळ्याच्या दिवसांत चीननें कळवावी आणि त्याचा खर्च भारतानें द्यावा, असें ब्रह्मपुत्रेबाबत ठरलें. खर्च देण्यांत गैर कांहीं नाहीं. निरोप्याच्या पोटाची सोय करावीच लागते. मात्र पैसे देऊन घेतलेल्या गोष्टीला माल म्हणण्याची संवय लागते, आणि माल म्हटला कीं दुकान बंद ठेवण्याचा हक्कहि आला. २०१७ सालीं डोकलामच्या पठारावर दोन्ही सैन्यें समोरासमोर उभीं राहिलीं त्या पावसाळ्यांत भारताला हे आंकडे मिळाले नाहींत. ठाण्यांची दुरुस्ती चालू आहे, असें चीनकडून सांगण्यांत आलें. त्याच नदीचे आंकडे आपणांस मिळत आहेत, असें बांगलादेशाच्या अधिकाऱ्यांनीं त्याच सुमारास सांगितलें. पुढच्या वर्षीं आंकडे पुन्हां येऊं लागले. २०२३ च्या जूनमध्यें त्या करारनाम्याची मुदतच संपली.

कायद्याच्या पंडितांना येथें एक जुना खटला आठवेल. १९४६ च्या ऑक्टोबरांत आल्बानियाच्या किनाऱ्याजवळ कॉर्फूच्या सामुद्रधुनींतून जाणाऱ्या दोन ब्रिटिश युद्धनौका सुरुंगांवर आदळल्या आणि ४४ खलाशी मेले. सुरुंग कोणीं पेरले तें सिद्ध झालें नाहीं. तरीहि १९४९ च्या एप्रिलांत हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयानें आल्बानियाला जबाबदार धरलें. कारण आपल्या डोळ्यांदेखत पेरले गेलेले ते सुरुंग तिला ठाऊक नसणें शक्य नव्हतें, आणि ठाऊक असून तिनें जहाजांना सावध केलें नाहीं. या कर्तव्याचा आधार न्यायालयानें कोणत्या तहनाम्यांत शोधला नाहीं. माणुसकीच्या अगदीं प्राथमिक विचारांत शोधला, आणि शांततेच्या काळांत हे विचार युद्धकाळापेक्षांहि अधिक कडकपणें लागू पडतात असा अभिप्राय दिला. जडसन हार्मनच्या अभिप्रायाला इतकें सरळ उत्तर दुसरें मिळणें कठीण. जाणणें हेंच येथें बंधन आहे.

परंतु जाणण्यानें बंधन येत असेल तर न जाणण्यानें सुटका होते, हा मोहहि त्याबरोबरच येतो. ज्या सरकारास जबाबदारी नको त्यानें नदीवर मोजपट्टी बसवूंच नये, बसविली तर रात्रीं ती वाचावयास मनुष्य ठेवूं नये. मग आम्हांस ठाऊक नव्हतें हें त्याचें म्हणणें अक्षरशः खरें ठरेल. ८ जुलै २०२५ रोजीं तिबेटांतील एका हिमनदीवरच्या सरोवराचें पाणी एकाएकीं सुटलें आणि नेपाळ-चीन सीमेवर रसुवागढी येथें जो पूल वाहून गेला त्याचें नांव ‘मैत्री पूल’ होतें. नेपाळला कोणतीहि पूर्वसूचना मिळाली नव्हती. पलीकडच्यांना ती देतां येण्याजोगी होती कीं नव्हती हा वाद करतां येईल. पण हिमनद्या वितळत आहेत हें सर्वांना ठाऊक असण्याच्या काळांत, त्यांच्याकडे पाहत राहण्याची व्यवस्था नसणें हें निव्वळ अज्ञान म्हणतां येत नाहीं. आंतरराष्ट्रीय नद्यांविषयीं संयुक्त राष्ट्रांनीं १९९७ सालीं जो संकेत संमत केला त्यांत संकटाची वार्ता खालच्या राष्ट्रास विनाविलंब कळविण्याचें कलम आहे. चीननें त्याविरुद्ध मत दिलें. भारत आणि पाकिस्तान तटस्थ राहिले. भारत हा चीनच्या खालीं आणि पाकिस्तान व बांगलादेश यांच्या वर राहणारा देश आहे. दोन्ही बाजूंचा अनुभव असलेल्या मनुष्याला न्याय अधिक कळावा अशी आपली समजूत असते, पण बहुधा त्याला सोयच अधिक कळते.

विजेच्या बाबतींत याच राष्ट्रांची वागणूक पाहिली म्हणजे मौज वाटते. भूतानांतील ३३६ मेगावॅटचा चुखा प्रकल्प भारतानें साठ टक्के देणगी आणि चाळीस टक्के कर्ज देऊन १९८० नंतरच्या दशकांत उभा केला, आणि तेथील जास्तीची वीज भारत विकत घेऊं लागला. त्या व्यवहारानें भूतानच्या तिजोरीचें स्वरूपच पालटलें. २०१४ सालीं काठमांडूच्या सार्क परिषदेंत वाहतुकीचे करार अडले, तरी विजेच्या सहकार्याचा करार तेवढा शेवटच्या घटकेला पार पडला. १५ नोव्हेंबर २०२४ रोजीं नेपाळची ४० मेगावॅट वीज भारताच्या तारांवरून प्रथमच बांगलादेशांत गेली. हें सर्व चांगलेंच आहे, आणि आम्ही त्याला हंसत नाहीं. पण विजेला मीटर आहे. मीटरवर आंकडा चढतो, आंकड्याचें बिल होतें, बिलाला मंत्री असतो. इशाऱ्याला मीटर नाहीं. तो वेळेवर पोहोंचला तर कांहींच घडत नाहीं, आणि कांहीं न घडल्याबद्दल पैसे मोजावयाचे कोणीं?

या दोहोंची गांठ एकाच ठिकाणीं पडलेली पाहावयाची असेल तर त्रिपुरेंतील डुंबूर धरणाकडे पाहावें. २०२४ च्या ऑगस्टांत गोमती नदीला महापूर येऊन बांगलादेशाचा पूर्वभाग बुडाला, आणि भारतानें न कळवितां धरणाचे दरवाजे उघडले असा तिकडे आक्रोश झाला. भारताच्या परराष्ट्र खात्यानें हा आरोप नाकारला. धरण सीमेपासून सुमारें १२० किलोमीटर दूर आहे, पूर मुख्यतः धरणाच्या खालच्या बाजूच्या पावसाचा आहे, आणि पाण्याच्या पातळीचे आंकडे बांगलादेशास पाठविले जात होते, असें त्याचें म्हणणें. तें आम्ही खरें मानतों. परंतु त्याच निवेदनांत दोन वाक्यें अशीं आहेत कीं, त्यांकडे दोन्हीं देशांच्या वर्तमानपत्रांनीं पुरेसें लक्ष दिलें नाहीं. या धरणाची वीज ज्या जाळ्यांत जाते त्यांतून बांगलादेशहि ४० मेगावॅट वीज घेतो, हें एक; आणि २१ ऑगस्टला संध्याकाळीं सहा वाजतां पुरामुळें वीज जाऊन दळणवळण बिघडलें, हें दुसरें. सीमेपलीकडे मेगावॅट वाहून नेण्याची सोय आपण करूं शकलों. ऐन पुरांत आकडा कळविणाऱ्या यंत्राला विजेचा दुसरा आधार असावा एवढी सोय मात्र राहून गेली.

आतांपर्यंत आम्ही वरचा आणि खालचा हे दोन स्वतंत्र गृहस्थ आहेत असें धरून चाललों. सहकार्य वाढलें म्हणजे हें चित्र पालटतें, आणि पालटतांना एक नवीनच संकट उभें राहतें. त्यासाठीं कोसीची हकीकत जरा विस्तारानें सांगणें अवश्य आहे.

कोसी नेपाळांतील डोंगर सोडून चतऱ्याजवळ सपाटीवर येते. हिमालयाची एवढी माती ती बरोबर आणते कीं, स्वतःचें पात्र स्वतःच भरून काढून तिला पुन्हां पुन्हां नवी वाट शोधावी लागते. दोन-अडीच शतकांत ती सुमारें १२० किलोमीटर पश्चिमेकडे सरकली. सोडलेल्या वाटांवर शेतें झालीं, गांवें वसलीं. तिला आंवरण्यासाठीं २५ एप्रिल १९५४ रोजीं भारत व नेपाळ यांच्यांत करार झाला, आणि १९६६ च्या डिसेंबरांत तो सुधारण्यांत आला. त्याअन्वयें सीमेवर भीमनगरजवळ ५६ दरवाजांचा बंधारा उभा राहिला आणि दोन्ही तीरांना कोसचे कोस मातीचे बांध घालण्यांत आले. जमीन नेपाळची, ती भारतास १९९ वर्षांच्या पट्ट्यानें; बांधकाम भारताचें, दुरुस्ती भारताची, आणि भारताच्या वतीनें प्रत्यक्ष हात बिहार सरकारच्या अभियंत्यांचे. कागदावर पाहिलें तर याहून जवळचें सहकार्य कोणतें असूं शकेल?

१८ ऑगस्ट २००८ रोजीं बंधाऱ्याच्या वर सुमारें १२ किलोमीटरवर, नेपाळच्या हद्दींत कुसहा येथें, पूर्वेकडचा बांध फुटला. त्या दिवशीं नदीला असामान्य पूर होता असेंहि नाहीं. साडेनऊ लाख क्यूसेक पाणी पेलावें म्हणून केलेली ती योजना दीड लाखाहूनहि कमी पाण्यांत ढासळली. नदीनें फार पूर्वीं टाकून दिलेली पूर्वेकडची वाट धरली. सुपौल, मधेपुरा, अररिया, सहरसा, पूर्णिया या जिल्ह्यांत, जेथें कित्येक पिढ्यांनीं कोसी पाहिली नव्हती, तेथें ती घरांतून वाहूं लागली. बिहारांत तीस लाखांहून अधिक आणि नेपाळांत सुमारें पन्नास हजार लोकांना तिचा तडाखा बसला, शेंकडों मेले. नेपाळचा पूर्व-पश्चिम राजमार्ग तुटला. नदी परत जुन्या पात्रांत आणण्यास कित्येक महिने लागले.

बांध एका क्षणांत फुटला नव्हता. त्याचें संरक्षण करणारे आडवे धक्के नदी खात आहे हें ऑगस्टच्या आरंभापासून दिसत होतें. दिसत होतें, पण कोणाला? मागाहून भारताकडून सांगण्यांत आलें कीं, नेपाळच्या हद्दींत स्थानिक अडथळ्यांमुळें आमच्या माणसांना काम करतां आलें नाहीं. नेपाळकडून सांगण्यांत आलें कीं, बांधाची निगा राखण्याची जबाबदारी करारानें भारताची होती. दोघांनाहि आपापल्या परीनें कागदाचा आधार होता. ह्यूमनें एके ठिकाणीं असें म्हटलें आहे कीं, सामाईक कुरणांत सांचलेलें पाणी काढून टाकण्यास दोन शेजारी सहज एकमत होतील, कारण दोघांना एकमेकांचें मन कळतें आणि एकानें हात आंखडला तर काम बुडालें हें लगेच दिसतें. पण हजार जणांचें तसें एकमत होणें नाहीं, कारण प्रत्येक जण भार दुसऱ्यावर टाकावयास पाहतो. वर्गांत हा उतारा शिकवितांना विद्यार्थ्यांना तो फार सोपा वाटतो. कोसीच्या कांठीं शेजारी दोनच होते. पण प्रत्येकाच्या पोटांत इतकीं खातीं, इतक्या कचेऱ्या आणि इतक्या समित्या होत्या कीं, दोघांचे हजार झाले.

आमच्या मतें येथें सहकार्यानें वरच्याचें ऋण फेडलें नाहीं, तें वांटून टाकलें. आणि इतकें बारीक वांटलें कीं कोणाच्याहि वांट्याला दिसण्याएवढें आलें नाहीं. करार नसता तर निदान नेपाळी सुनसरीच्या शेतकऱ्याला आपल्या सरकारास आणि सुपौलच्या शेतकऱ्याला आपल्या सरकारास जाब विचारतां आला असता. करार असल्यामुळें दोघांनाहि दुसऱ्याच्या सरकाराकडे बोट दाखविणारें आपलें सरकार मिळालें. करार नसावेत असें आमचें म्हणणें नाहीं. बांध कोणाचा हें ज्या कागदांत लिहिलें आहे त्यांतच, बांध खचतांना पाहणाऱ्या मनुष्याचें नांव काय आणि त्यानें कोणाला उठवावयाचें, हेंहि लिहिलेलें असावें एवढेंच म्हणणें आहे. २०२४ च्या सप्टेंबरअखेर नेपाळांत अतिवृष्टि होऊन याच बंधाऱ्यांतून ६.६१ लाख क्यूसेक पाणी सोडावें लागलें. १९६८ नंतर इतकें पाणी तेथें आलें नव्हतें. बिहारांत कांहीं ठिकाणीं बांध फुटले, पण पाण्याची वर्दी आधीं फिरली असल्यामुळें २००८ ची पुनरावृत्ति झाली नाहीं. सोळा वर्षांत कांहीं तरी शिकलें गेलें असें म्हणावयास हरकत नाहीं.

आतां वैराचा प्रश्न. २२ एप्रिल २०२५ रोजीं पहलगाम येथें २६ निरपराध माणसांची हत्या झाली, आणि दुसऱ्याच दिवशीं भारतानें १९६० सालचा सिंधु जलकरार स्थगित केल्याचें जाहीर केलें. तीन युद्धांतून टिकलेला हा करार असा बाजूला पडला याची कित्येकांना हळहळ वाटली. आम्ही त्या वादांत शिरत नाहीं. ज्याच्या घरांतून मारेकरी येतात त्याच्याशीं चांगल्या शेजाऱ्यासारखें वागण्याचें बंधन कोठवर पाळावें, हा प्रश्न ज्यांचीं माणसें गेलीं त्यांच्यासमोर उभें राहूनच विचारला पाहिजे. पण त्या करारांत पाण्याच्या वांटणीखेरीज आणखी एक गोष्ट होती: असामान्य पुराची वार्ता एकमेकांस कळविण्याचें कलम. करार थांबला म्हणजे तेंहि थांबलें काय?

याचें उत्तर चारच महिन्यांत द्यावें लागलें. ऑगस्टांत जम्मूस तवी नदीला मोठा पूर आला. भारतानें सिंधु आयोगाच्या नेहमीच्या मार्गानें नव्हे, तर इस्लामाबाद येथील आपल्या उच्चायुक्तालयामार्फत, आणि माणुसकीच्या भूमिकेवरून, पाकिस्तानला त्याची सूचना दिली. नंतरच्या दिवसांत रावी आणि सतलज दोन्ही पंजाबांवर सारख्याच पसरल्या. गुरदासपूरचीं गांवें बुडालीं आणि पलीकडे कर्तारपूरचा गुरुद्वाराहि पाण्यांत गेला. ही सूचना भारतानें दिली याचा आम्हांस अभिमान वाटतो, आणि तो लपविण्याचें कारण नाहीं. तिनें एक गोष्ट सिद्ध केली: करारापूर्वीं जें ऋण होतें तें करारानंतरहि उरतें. पाणी रोखण्याची धमकी ही निदान राज्यकर्त्याला उद्देशून आहे असें म्हणतां येतें. पुराची बातमी रोखली तर राज्यकर्ता बुडत नाहीं. सियालकोटकडचा, म्हशी सोडावयाला उशीर झालेला मनुष्य बुडतो, आणि त्याच्या बुडण्यानें पहलगामच्या कोणाहि मृताला न्याय मिळत नाहीं.

तथापि या प्रसंगाकडे केवळ समाधानानें पाहून चालणार नाहीं. निरोप हा शेवटच्या रात्रीं सुचलेला विचार असून भागत नाहीं. तो खरा ठरण्यासाठीं त्यामागें कित्येक वर्षांची कंटाळवाणी संवय लागते: अमुक ठाण्यावर अमुक वाजतां पातळी वाचावयाची, ती अमुक मापांत कळवावयाची, पलीकडच्या मनुष्यानें तिचा अर्थ त्याच क्षणीं ओळखावयाचा. वकिलातींतून गेलेला निरोप दारें ठोठावीत जातो. अभियंत्याकडून अभियंत्याला गेलेला निरोप सरळ जातो. म्हणून पाणीवाटपाची, धरणांची, लवादाची कलमें राजकारणानें हवीं तशीं वापरावीं. पुराच्या वर्दीची व्यवस्था मात्र त्यांतून वेगळी काढून, युद्धकाळांतहि चालू राहील अशा रीतीनें स्वतंत्र ठेवावी, असें आमचें स्पष्ट मत आहे. ऋण मान्य करावयाचें आणि फेडण्याचें साधन मोडून टाकावयाचें, हें नीतीच्या हिशेबांत बसत नाहीं.

अशी वेगळी व्यवस्था शक्य आहे काय, असें कोणी विचारील. समुद्रावर ती झालेली आहे. २६ डिसेंबर २००४ रोजीं सुमात्राजवळ समुद्राचा तळ हादरला. जगभरच्या यंत्रांनीं तो धक्का कांहीं मिनिटांत टिपला, आणि तरीहि सुमारें दोन तासांनीं लाटा श्रीलंका आणि तमिळनाडूच्या किनाऱ्यावर आल्या तेव्हां तेथें कोणाला कांहीं ठाऊक नव्हतें. दोन लाखांहून अधिक माणसें मेलीं. प्रशांत महासागरांत १९६५ पासून राष्ट्रांची सामाईक इशारा-व्यवस्था होती. हिंदी महासागरांत नव्हती. २००७ च्या ऑक्टोबरांत हैदराबाद येथें इशारा-केंद्र सुरू झालें, आणि २०११ पासून भारत, ऑस्ट्रेलिया व इंडोनेशिया हे तिघे मिळून या महासागराच्या कांठच्या राष्ट्रांना वर्दी देतात. त्यांत पाकिस्तानहि आहे. यांत मुंबईकराचा स्वार्थहि आहे: १९४५ च्या नोव्हेंबरअखेर मकरानच्या किनाऱ्याजवळ भूकंप झाला, तेव्हां त्याच्या लाटा मुंबईपर्यंत येऊन येथेंहि माणसें वाहून गेलीं होतीं. येथें मकरानचा कांठ वरचा आहे आणि मुंबई खालची. चक्रीवादळांचेंहि तसेंच. दिल्लीचें केंद्र बंगालचा उपसागर आणि अरबी समुद्र यांवरील वादळांची वार्ता सभोंवतालच्या सर्व देशांना पुरवितें, आणि वादळांचीं नांवें हे देश आळीपाळीनें देतात. ३ जून २०२० रोजीं रायगडच्या नारळी-पोफळीच्या बागा ज्या वादळानें आडव्या केल्या त्याला ‘निसर्ग’ हें नांव बांगलादेशानें दिलेलें होतें. अलिबागच्या गृहस्थांना त्या दिवशीं तें ठाऊक असण्याचें कारण नव्हतें. पण त्यांना घरांत थांबा म्हणून सांगणारी जी व्यवस्था होती तींत असे तेरा देश होते, आणि त्यांपैकीं कित्येकांचीं आपसांत भांडणें होतीं.

समुद्रावर हें साधलें आणि नदीवर साधत नाहीं, याचें कारण समुद्रावर कोणी कायमचा वरचा नाहीं हेंच असावें. आज एकाच्या किनाऱ्याला धोका, उद्यां दुसऱ्याच्या. परतफेडीची आशा तेथें प्रत्येकाला आहे. नदींत तशी आशा नाहीं. खालच्यानें वरच्याला पुराची बातमी कधींच देतां येत नाहीं. म्हणूनच परतफेडीवर उभें केलेलें नीतिशास्त्र नदीच्या कांठीं येऊन लटकें पडतें, आणि ज्याला आम्हीं ऋण म्हटलें त्याची खरी परीक्षा तेथेंच होते.

ती परीक्षा लवकरच मोठ्या प्रमाणावर होणार आहे. २०२५ च्या जुलैंत चीननें ब्रह्मपुत्रेच्या तिबेटांतील मोठ्या वळणावर, मेदोग येथें, एका जलविद्युत् योजनेचें काम सुरू केल्याचें जाहीर केलें. पांच वीजगृहांची ती माळ ‘थ्री गॉर्जेस’ धरणाच्या सुमारें तिप्पट वीज देईल असा अंदाज आहे. वीज मुख्यतः तिबेटाबाहेर चीनच्या इतर भागांत जाईल. पाणी खालीं सियांगमध्यें येईल. या योजनेला भारतानें हरकत घ्यावी कीं स्वतःचें धरण बांधून तिला उत्तर द्यावें, याविषयीं दिल्लींत आणि इटानगरांत वाद चालू झाला आहे, आणि सियांगकांठच्या आदी लोकांना तर आपल्या जमिनीवर यांपैकीं कोणतेंच उत्तर नको आहे. मेगावॅटचा हिशेब दोन्हीं बाजूंनीं होईलच. त्याआधीं भारतानें चीनकडे मागावयाची गोष्ट फार लहान आहे: २०२३ सालीं मुदत संपलेला तो कागद पुन्हां करावा, त्यांत नुगेशा, यांगत्सुन आणि नुशिया यांच्याबरोबर मेदोगचें नांव घालावें, आंकडे केवळ पावसाळ्यापुरते न देतां बाराहि महिने द्यावे, आणि तेंच, त्याच शब्दांत, चिनाबच्या ठाण्यांविषयीं लिहून देण्याची आपली तयारी ठेवावी.